तिसरी बाटली

माणसाची खरी परीक्षा संकटात होते, असं थोर लोक सांगून गेले आहेत. थोर लोकांच्या काळी ही परीक्षा टपालाने घरी येत नसे. तपासनिसांच्या घरी ती एका सोमवारी आली, पुठ्ठ्याच्या दोन चपट्या डब्यांतून. एक त्यांच्या नावाची, एक बायकोच्या. प्रत्येक डबीत बोटाएवढी प्लास्टिकची बाटली, तिच्या झाकणाला आतून जोडलेली खाचाखाचांची बारीक काडी, एक कागदी झोळी, परत पाठवायचं पाकीट आणि एक माहितीपत्रक. माहितीपत्रकावर एक हसरे आजोबा आणि एक हसऱ्या आजी बागेतून चालत होते. ज्या कामासाठी डबी आली होती, त्या कामाशी बागेचा आणि हसण्याचा काय संबंध, ते आरोग्य खात्यालाच ठाऊक.

सोबत पत्र होतं. पन्नाशी ओलांडलेल्या सगळ्यांनी दर दोन वर्षांनी शौचाचा नमुना पाठवायचा. त्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त असेल तर प्रयोगशाळा ते पकडणार. मोठ्या आतड्याचा कॅन्सर व्हायच्या आधीच त्याची चाहूल लागावी म्हणून ही चाळणी. खर्च काही नाही.

"फुकट आहे म्हणजे यात काहीतरी गोम असणार," तपासनीस म्हणाले.

"असली तर सापडेल की चाचणीत," बायको म्हणाली.

बायको टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर बसायची, बावीस वर्षं. ही योजना सुरू झाल्यापासून शहरातल्या पन्नाशीपुढच्या समस्त जनतेची पोटं तिच्याच खिडकीतून पुढे जात होती, त्यामुळे तिला या विषयाचं ना अप्रूप होतं ना किळस. मंगळवारी सकाळी तिने गॅसवर दूध ठेवलं, डबी घेऊन आत गेली आणि दूध उतू जायच्या आत बाहेर आली. कामावर जाताना पाकीट पिशवीत टाकलं. तिसऱ्या आठवड्यात उत्तर आलं: काही आढळलं नाही, दोन वर्षांनी भेटू. त्या पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिने साबण, काडेपेटी, बल्ब अशी यादी केली आणि विषय संपला.

तपासनिसांचा विषय अजून सुरूच व्हायचा होता.

तपासनीस धान्याच्या एका मोठ्या गोदामाच्या फाटकावर एकतीस वर्षं उभे होते. ट्रक आला की ते हातात परखी घेऊन वर चढत. परखी म्हणजे एका अंगाने उघडी, टोकदार पोलादी नळी. ती पोत्यात खुपसायची, फिरवायची, ओढायची, की पोत्याच्या पोटातलं मूठभर धान्य बाहेर. ते पांढऱ्या ताटलीत पसरून तपासनीस किडा बघत, खडा बघत, ओल बघत, दाणा दाताखाली धरून आवाज ऐकत. त्यांनी मान हलवली की ट्रक आत, नाही हलवली की ट्रक आल्या वाटेने परत. मोठमोठ्या व्यापाऱ्यांना त्या मानेकडे लग्नातल्या मुलीच्या बापासारखं बघत उभं राहावं लागे.

आणि या कामाचे नियम होते. घेतलेल्या नमुन्याचे तीन सारखे भाग करायचे. पहिला प्रयोगशाळेला. दुसरा ज्याचा माल त्या पार्टीला. तिसऱ्याला म्हणायचं पंच नमुना. तो बाटलीत भरून, लाखेचं सील करून कुलपात ठेवायचा. पुढे वाद झाला तर दोन्ही पक्षांच्या समोरच तो फोडायचा, तोवर त्याला ब्रह्मदेवानेही हात लावायचा नाही. आणि सगळ्यात वरचा नियम असा की, ज्याचा माल त्याने स्वतःचा नमुना स्वतः घ्यायचा नाही.

तेव्हा माहितीपत्रकातली चौथी ओळ वाचून तपासनिसांनी लाल पेन्सिल उचलली यात आश्चर्य नाही. ओळ अशी होती: 'नमुना आपण स्वतः, घरच्या घरी घ्यावा.'

"ज्याचा माल त्याचाच हात!" ते म्हणाले. "उद्या चोरालाच पंचनामा लिहायला सांगतील."

"मग कोणाचा हात घालायचा?" बायकोने विचारलं. "गोदामातून माणूस बोलवता का?"

"हात माझाच. पण पंच हवा. साक्षीदार. हितसंबंध नसलेला."

"सकाळी सात वाजता आपल्या संडासाच्या दारात हितसंबंध नसलेला माणूस कुठून आणणार?"

तपासनिसांनी विचार केला आणि मेहुण्याला फोन लावला.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. चार रस्ते ओलांडून त्याचं धान्याचं दुकान होतं. अकरा वर्षांपूर्वी त्याचा दोनशे पोती गव्हाचा ट्रक तपासनिसांनी फाटकावरून परत पाठवला होता. ताटलीत एक सोंडा निघाला होता. एक. तांदळाच्या दाण्याएवढा, तपकिरी, सोंड हलवणारा, आणि कोणाचा नातेवाईक आहे याची पर्वा नसणारा. त्या दिवशी मिळालेली नापास चिठ्ठी मेहुण्याने फ्रेम करून दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर येईल अशी टांगली. येणाऱ्याजाणाऱ्याला तो बोट दाखवून सांगे, "सख्ख्या बहिणीचा नवरा. एका किड्यासाठी. आणि नंतर पोती उघडली, तर काही नाही निघालं!" अकरा वर्षांत ही गोष्ट त्याने इतक्या वेळा सांगितली होती की आता किडासुद्धा त्यात मेल्यासारखा झाला होता.

तरी तो आला. असा प्रसंग परत येणार नाही हे त्याला कळत होतं.

सात वाजून वीस मिनिटांनी तपासनीस आत गेले. दाराबाहेर स्टुलावर मेहुणा.

"भाऊजी, झालं का?"

"पंचाने घाई करायची नसते."

"पंचाला दुकान उघडायचंय."

आतून कागदी झोळी उलगडल्याचा आवाज आला.

"तू तिथेच आहेस ना?" तपासनिसांनी विचारलं.

"मी कुठे जातोय? पण एक सांगून ठेवतो भाऊजी, मी फक्त कानाने ऐकलेल्याची साक्ष देणार. डोळ्याने पाहिलेल्याची मागू नका."

"काडीने पाच ठिकाणांहून घ्यायचंय. वरून, कडेने, मधून. एवढी एक गोष्ट मात्र त्यांनी शास्त्रशुद्ध लिहिली आहे."

"असेल, असेल. मोठ्याने नका सांगू."

"लिही. सात बेचाळीस."

मेहुण्याने लिहिलं. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "दार नीट लावा. मी खातेय."

नमुन्याचे तीन भाग झाले. पहिला आरोग्य खात्याच्या बाटलीत. उरलेले दोन गोदामातून आणलेल्या काचेच्या बाटल्यांत. मग तपासनिसांनी गॅसवर लाख वितळवली, खिशातून पितळी शिक्का काढला आणि तिन्ही बाटल्यांवर सील केलं. प्रयोगशाळेच्या बाटलीवर जागा फार कमी होती, तरी त्यांनी ती शोधली. लेबलं लिहिली: स्थळ, दिनांक, वेळ, पार्टीची सही, पंचाची सही. 'माल' या शब्दापुढे पेन थोडा वेळ थांबलं. मग त्यांनी लिहिलं, 'स्वतःचा'.

दुसरी बाटली नियमाप्रमाणे पार्टीची. पार्टी म्हणजे तेच. पार्टीला ती कशाला हवी हे पार्टीलाही सांगता येईना, तेव्हा तिची तिथल्या तिथे विल्हेवाट लागली. तिसरी बाटली त्यांनी तीन पिशव्यांत गुंडाळून फ्रीजरमध्ये अगदी मागे सारली.

"हा पंच नमुना," ते बायकोला म्हणाले. "उद्या निकालावरून वाद झाला तर हाच कामाला येणार. तोपर्यंत कोणी हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही."

बायकोने फ्रीजरकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"बरं," ती म्हणाली.

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिच्या 'बरं'चा अर्थ होकार असा एकदाही निघाला नव्हता. पण हे तपासनिसांच्या ताटलीत अजून आलं नव्हतं.

बारा दिवसांनी प्रयोगशाळेचं पत्र आलं. नमुना अमान्य. कारण: 'बारकोडवर परका पदार्थ.'

परका पदार्थ! हा तपासनिसांच्या धंद्यातला शब्द. खडा, काडी, माती, उंदराची लेंडी यांना उद्देशून तो त्यांनी स्वतः हजारो चिठ्ठ्यांवर लिहिला होता. आता तो त्यांच्या पितळी शिक्क्याला उद्देशून आला होता. पुढे छापील ओळ होती: 'आमचं यंत्र बाटलीवरचा बारकोड वाचतं. कृपया त्यावर काही लिहू अथवा चिकटवू नये. नवी डबी सोबत पाठवत आहोत.'

मेहुण्याचा फोन आलाच. बहिणीने सांगितलं असणार.

"भाऊजी, ऐकलं ते खरं का? माल परत आला म्हणे!"

"माल परत आलेला नाही. कागदोपत्री त्रुटी आहे."

"मी पण तेव्हा हेच म्हणत होतो."

तपासनिसांनी फोन ठेवला.

दुसऱ्या वेळी बायकोने सूत्रं हातात घेतली. लाख लपवली, शिक्का स्वतःच्या पर्समध्ये टाकला आणि संडासाच्या दाराबाहेरून सांगितलं, "काडी फिरवा, आत घाला, झाकण लावा, बाहेर या. दूध ठेवलंय." पाकीट तिनेच खिडकीवर घेतलं आणि त्यावर टपालाचा शिक्का मारला. त्यावरच्या बारकोडपासून चार बोटं लांब.

तीन आठवडे गेले. एका गुरुवारी दुपारी आरोग्य खात्याचा गठ्ठा आला आणि बायको पत्रं वेगळी करायला बसली. वर्षभर ती पत्रं हाताळून तिला न उघडताच कळू लागलं होतं. 'काही आढळलं नाही' या पत्रात एकच कागद असतो. ते पाकीट भरतं अकरा ग्रॅम. दुसऱ्या प्रकारच्या पत्रात तारीख असते, दवाखान्याचा नकाशा असतो, आधी काय खायचं नाही त्याची यादी असते, कोणाशी बोलायचं त्याचे नंबर असतात.

गठ्ठ्यात नवऱ्याचं नाव दिसलं. तिने पाकीट काट्यावर ठेवलं. एकोणतीस ग्रॅम.

तिने ते उचललं आणि परत ठेवलं. एकोणतीसच.

टपाल घरी न्यायचं नाही असा नियम होता. घरात एक नियमवाला पुरे, असं ती नेहमी म्हणायची, पण तिनेही तो नियम कधी मोडला नव्हता. पाकीट तिने त्यांच्या गल्लीच्या खणात टाकलं. खिडकीवर एक माणूस खोकं घेऊन उभा होता.

"आत काय आहे?" तिने विचारलं.

"पुस्तकं."

तिने खोकं काट्यावर ठेवलं, आकडा पाहिला, लिहिला नाही.

"आत काय आहे?" तिने विचारलं.

"पुस्तकंच आहेत हो बाई," माणूस म्हणाला. "मघाशीच सांगितलं."

पत्र शुक्रवारी घरी आलं. तपासनिसांनी ते उभ्यानेच वाचलं. नमुन्यात रक्ताचा अंश आढळला. याचा अर्थ कॅन्सर आहे असा नाही, बहुतेकांना तो नसतो. पण रक्त कुठून आलं ते पाहायला हवं. त्यासाठी दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, तारीख एकोणीस.

"माझी हरकत आहे," तपासनीस म्हणाले.

"कशाला?"

"एका नमुन्यावरून? पंच नमुना कशाला ठेवलाय मग?"

त्यांनी पत्रावरच्या नंबरवर फोन लावला. पलीकडे एक सिस्टर होत्या, आवाजावरून दिवसातून असे चाळीस फोन घेणाऱ्या.

"निकालाबद्दल वाद आहे," तपासनिसांनी सांगितलं. "आमच्याकडे पंच नमुना आहे. तो तपासून घ्यावा."

"कसला नमुना?"

"सीलबंद. फ्रीजरमध्ये आहे."

"कोणाच्या फ्रीजरमध्ये?"

"आमच्या."

"काका," सिस्टर हळूच म्हणाल्या, "तो टाकून द्या."

"दोन्ही पक्ष हजर असल्याशिवाय टाकता येत नाही."

"बरं, मग राहू द्या. पण ऐका माझं. रक्त रोज येतंच असं नाही. आज येईल, उद्या नाही येणार. पुन्हा तपासलं आणि नाही सापडलं, तरी आधी सापडलेलं पुसलं जात नाही. एकदा दिसलं की आत जाऊन बघायचं. एकोणीसला या."

"हरकतपत्र पाठवतो," तपासनीस म्हणाले, आणि खरंच पाठवलं. रजिस्टर्ड. बायकोच्याच खिडकीतून.

एकोणीस तारीख आली आणि गेली. त्या दिवशी फाटकावर फार ट्रक आहेत असं त्यांनी सांगितलं. सात आले होते. दवाखान्याने पुढच्या महिन्याची सहा तारीख दिली. तीही गेली. तपासनीस आता रोज सकाळी संडासात वेळ लावत होते आणि बाहेर येऊन म्हणत होते, "काही नाही. एकदम स्वच्छ." कोणी विचारलेलं नसताना.

भीती वाटतेय असं ते स्वतःशीही म्हणाले नाहीत. मनात म्हणताना त्यांनी 'कार्यपद्धतीत त्रुटी' असा शब्द वापरला. मात्र फाटकावर एक गोष्ट होऊ लागली. ताटलीत सोंडा दिसला की पूर्वी ते फक्त सोंड्याकडे बघत. आता त्यांची नजर पार्टीच्या तोंडाकडे जायची. प्रत्येक पार्टी तेव्हा एकच वाक्य म्हणते: "साहेब, दुसरं पोतं बघा ना." एकतीस वर्षं त्यांना तो लबाडपणा वाटत आला होता. आता मात्र ते वाक्य ऐकलं की ते मान खाली घालून चिठ्ठी लिहायचे.

"तिसरी तारीख आलीय," बायको एका रविवारी म्हणाली. "बावीस."

"बघू."

"तुमच्या आतड्यात मला काडीचा रस नाही," ती म्हणाली. "पण त्याच्या बाहेरचा माणूस मला अजून लागतो."

तपासनीस वर्तमानपत्रात बघत राहिले. तिने चप्पल घातली आणि ती बाहेर गेली. तासाभराने परत आली तेव्हा मागे मेहुणा होता, आणि मेहुण्याच्या काखेत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी.

"तू दुकान सोडून इकडे?" तपासनिसांनी विचारलं.

मेहुण्याने कागद सोडला. फ्रेम निघाली. अकरा वर्षांची धूळ काचेच्या कडेला बसली होती, मध्ये मात्र बोट लावून लावून स्वच्छ होती.

"वाचा," तो म्हणाला.

"मला माहीत आहे त्यात काय आहे."

"मग मी वाचतो. गहू, पोती दोनशे. जिवंत सोंडा, एक. पार्टीची दुसरा नमुना घेण्याची विनंती, फेटाळली. शेरा." मेहुण्याने घसा खाकरला. "'एका मुठीत सापडलेला किडा दुसऱ्या मुठीत न सापडल्याने नाहीसा होत नाही. पोती उघडून पाहावीत.' अक्षर कोणाचं?"

"माझं."

"सही?"

"माझीच आहे. पण ते गव्हाचं आहे. गहू आणि माणूस..."

"माझा गहू म्हणजे किडका आणि तुमचं आतडं म्हणजे सोवळ्यातलं, असं का? तेव्हा मी तुमचे पाय धरायचे बाकी ठेवले होते. दुसरं पोतं बघा म्हणालो. तिसरं बघा म्हणालो. बघितलंत?"

"नाही."

"का नाही?"

तपासनिसांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"पोती उघडलीस ना मग तू?" शेवटी तपासनीस म्हणाले. "काही नाही निघालं. तूच सांगतोस जगाला."

मेहुण्याने फ्रेम टेबलावर पालथी ठेवली. ती सरळ केली, मग परत पालथी केली.

"नऊ निघाली," तो म्हणाला.

"काय?"

"नऊ पोती. मधोमध, खालच्या थरात. मुठी भरून सोंडे. नऊ काढली आणि बाकीची एकशे एक्याण्णव वाचली. आठवडाभर तशीच राहिली असती तर दोनशेचा भुगा होता."

"नऊ?" बायको चौकट सोडून पुढे आली. "आणि अकरा वर्षं माझ्या डोक्यावर मिरे वाटलेस? दर वेळी घरी आलास की, 'ताई, तुझ्या नवऱ्याने मला बुडवलं'?"

"ताई, आता ते..."

"आपली आई जाईपर्यंत मला टोमणे मारत होती, तुझ्या नवऱ्याने भावाचं नुकसान केलं म्हणून!"

"म्हणूनच तर नाही सांगितलं नंतर. फार लोकांना सांगून झालं होतं." मेहुणा तपासनिसांकडे वळला. "भाऊजी, तुम्ही माझं ऐकलं असतंत ना, दुसरं पोतं बघितलं असतंत, तर ते स्वच्छ निघालं असतं. वरच्या थरात काही नव्हतंच. मी आनंदाने घरी गेलो असतो. आणि आठवड्याने रडलो असतो."

तपासनिसांचे ओठ थोडे हलले. ते हिशेब करत होते.

"साडेचार टक्के," ते म्हणाले.

"काय?"

"दोनशेत नऊ. साडेचार टक्के." त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, मग त्या घडीची घडी घातली. "बावीस म्हणजे कोणता वार?"

एकवीस तारखेला दुपारपासून त्यांना एक पावडर पाण्यात कालवून प्यायची होती. तिचं काम गोदाम पूर्ण रिकामं करणं, आणि ते काम तिने कोणतीही लाच न घेता, दिरंगाई न करता केलं. पाचव्या फेरीच्या वेळी मेहुण्याचा फोन आला, "पंच लागेल का?" तपासनिसांनी दिलेलं उत्तर त्यांच्या एकतीस वर्षांच्या कोणत्याही चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई चणीने लहान आणि बोलायला मोजक्या होत्या. तपासनीस कुशीवर झोपले होते, मागून उघडा असलेला निळा झगा घालून. हातात सुई टोचलेली. नळी दिसली तसे ते थोडे सावध झाले.

"लांबी किती?"

"दीड मीटरच्या आसपास."

त्यांनी मनात त्या परखीला मान दिला. त्यांची स्वतःची होती हातभर.

"किती ठिकाणी बघणार?"

"सगळीकडे."

"सगळीकडे म्हणजे?"

"शेवटपर्यंत आत जायचं आणि बाहेर येताना सगळं बघत यायचं. एक सुरकुती सोडायची नाही."

शंभर टक्के तपासणी! एकतीस वर्षांत असा माणूस त्यांना भेटला नव्हता. औषध चढत होतं, तरी त्यांनी कसंबसं म्हटलं, "काही सापडलं तर तीन भाग करा. एक पार्टीला." डॉक्टरीणबाईंनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर म्हणाल्या, "औषधाने होतं असं." मग जरा थांबून म्हणाल्या, "यांचा आवाज ऐकल्यासारखा वाटतोय."

एक गाठ सापडली. आतड्याच्या भिंतीवर, देठावर वाढलेली, अळंबीसारखी. बारा मिलिमीटर. डॉक्टरीणबाईंनी ती तारेच्या फासाने देठासकट तिथेच कापून काढली. तपासनिसांनी नंतर पडद्यावरचा फोटो पाहायला मागितला आणि बराच वेळ पाहिला.

"सोंड्याच्या तिप्पट," ते म्हणाले.

दहा दिवसांनी अहवाल आला. कॅन्सर नव्हता. पण तिथेच राहती तर काही वर्षांनी होण्याच्या जातीची गाठ होती. आता ती नव्हती. तीन वर्षांनी पुन्हा दुर्बीण. बायकोने अहवाल दोनदा वाचला, पाकिटात घातला, आणि मग का कोण जाणे, ते पाकीट तळहातावर ठेवून जरा खाली वर करून पाहिलं. त्या दिवशी दूध उतू गेलं.

मेहुण्याने दुकानातली फ्रेम परत टांगली नाही. तिथे खिळा तेवढा राहिला. गिऱ्हाइकं विचारत, तर तो म्हणे, काच फुटली.

आता एकच काम उरलं होतं. वाद मिटला की पंच नमुना दोन्ही पक्षांच्या समोर नष्ट करायचा, तसा नियम आहे. तपासनिसांनी मेहुण्याला बोलावून घेतलं. कागदावर 'नाश पंचनामा' असा मथळा लिहिला, खाली रेघ मारली, तारीख, वेळ घातली. हातमोजे चढवले. अठ्ठावीस वर्षांत फ्रीजरच्या दाराला त्यांचा हात लागण्याची ही दुसरी वेळ. त्यांनी आत मागेपर्यंत हात घातला. पहिली पिशवी काढली, मटार. दुसरी काढली, मटार. तिसरी काढली, मटार.

"अगं, पंच नमुना कुठे आहे?"

"ती बाटली?" बायको स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी पेला विसळत होती. "ती मी त्याच दिवशी दुपारी टाकली."

"त्याच दिवशी? मी दोन महिने त्या बाटलीवरून..."

"हो."

"अगं, सील होतं तिला!"

"होतं. मटार स्वस्त मिळाले होते," ती म्हणाली. "जागा नव्हती."